मोटार न लावणारा शेजारी

पुंडलिकनगरात आमच्या समोर राहणारा हा माणूस नमस्काराऐवजी विचारायचा, "पाणी आलं का, सर?" नुसतं विचारून थांबायचा नाही. फाटकातून आत यायचा आणि आमच्या नळाखाली हात धरून धार पाहायचा. नगरसेवक झाल्यापासूनची ही सवय. नळाला मोटार लावून शेजाऱ्यांचं पाणी ओढणाऱ्यांशी तो गल्लीत येऊन भांडायचा. स्वतःच्या घरी त्यानं मोटार बसवलीच नव्हती, त्यामुळे त्याची बायकोही आमच्यासारखीच बारीक धारेखाली हंडा लावून ताटकळायची.

शहराचं पाणी यांनीच अडवलं, असं म्हणत ज्या पक्षाला तो चौकाचौकात शिव्या घालायचा, त्याच पक्षाचं उपरणं यंदा त्याच्या गळ्यात दिसलं. विधानसभेचं तिकीट मिळालं होतं. मी काही विचारलं नव्हतं. तोच म्हणाला, "आमदार झाल्याबिगर पाणी येत नाय, सर. लई वर्षं आंदोलनं करून पाहिली."

काल आमच्या भागाचा पाण्याचा दिवस होता. बादली अर्धी झाली आणि धार एकदम करंगळीएवढी बारीक झाली. समोर त्याच्या अंगणात नळाला लावलेली नवी मोटार घरघरत होती. तेवढ्यात तो कडक इस्त्रीच्या कपड्यांत बाहेर आला. मला पाहून गाडीत बसता बसता म्हणाला, "पाणी आलं का, सर?"

"आलं," मी म्हणालो.

गाडी निघून गेली. तो आत येईल म्हणून मी फाटकाची कडी काढली होती, ती परत लावली.