रजिस्टरातली खरूज

“खरूज लिहा, मॅडम,” फाइलमधून मान वर न करता तालुक्याचे साहेब म्हणाले.

“सर, खरूज नाहीये. देवी आहे. शीप पॉक्स.”

“शीप पॉक्स मला कळतं. पशुप्रदर्शन आठ दिवसांवर आलंय. तुम्ही देवी लिहिलं की तालुक्यातलं एक मेंढरू मंडपात येणार नाही. पाहुण्यांना काय कोंबड्या दाखवू?”

मी गुरांची डॉक्टर. आता रिटायर झाले. ही गोष्ट माझ्या पहिल्या पोस्टिंगची, बिडकीनच्या पुढच्या एका खेड्यातली. दोन खोल्यांचा दवाखाना, पत्र्याचं कपाट, एक फ्रीज आणि एक रशीदभाई. रशीदभाई म्हणजे आमचे ड्रेसर. मी जन्माला यायच्या आधीपासून ते मेंढरांना औषध पाजत होते. मी औरंगाबादच्या छावणीतली, ख्रिस्ती घरातली. कॉलेजात पहिली आले होते आणि ते कुणाला विसरू देत नव्हते. स्वभाव तापट. साहेबांसमोर मात्र तो ताप आपोआप उतरायचा, कारण माझं प्रोबेशन संपायला चार महिने होते आणि माझा गोपनीय अहवाल साहेबच लिहिणार होते.

आधी रोगाबद्दल सांगते. मेंढ्यांना देवी येतात तेव्हा ताप चढतो आणि लोकर नसलेल्या जागी, म्हणजे शेपटीखाली, मांडीत, ओठांवर, डोळ्यांभोवती फोड येतात. मोठं मेंढरू बऱ्याचदा वाचतं, कोकरं पटापट जातात. रोगावर औषध नाही, जखमांवर आहे. उपाय दोनच. आजारी कळप जागेवरून हलू द्यायचा नाही, आणि आजूबाजूच्या निरोगी मेंढ्यांना लस टोचायची. ही लस जिल्ह्याच्या ऑफिसातून मिळायची आणि ती मागायला रोगाचा लेखी रिपोर्ट लागायचा. रिपोर्ट नाही तर लस नाही.

त्या सकाळी धोंडीबाआबांच्या वाड्यावर मी स्वतः फोड पाहिले होते. वाडा म्हणजे मेंढपाळांचा उघड्यावरचा मुक्काम. तीन बिऱ्हाडं, चार घोडी, दोनशेच्या आसपास मेंढरं. सात मेंढरांना फोड होते. शंका घ्यायला जागाच नव्हती.

तरी दवाखान्यात परत येऊन मी रजिस्टरात ‘खरूज’ लिहिलं.

मला वाटलं, मी फार हुशार आहे. कागदावर खरूज राहील, साहेब खूश होतील. मेंढपाळांना मी तोंडी सांगेन की बाबांनो, हलू नका. साप मरावा आणि काठीही तुटू नये. मी मलम आणि उपचाराची चिठ्ठी रशीदभाईंच्या हातात दिली. चिठ्ठीवर रोगाचं नाव लिहावंच लागतं. ते वाचून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“मॅडम, चिठ्ठी मैं देता. पण एक बोलू? ये खुजली नै है.”

“माहीत आहे मला.”

“फिर ठीक है,” असं म्हणून ते सायकलवर बसले. माझ्याकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. मला ते लागलं, पण मी दुर्लक्ष केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाड्यावर गेले तर घोड्यांवर बिऱ्हाड लादणं चाललेलं. कोकरं जाळीत भरलेली, चुली विझवलेल्या. आबांचा पुतण्या नामदेव हसत पुढं आला. हातात माझी चिठ्ठी.

“बाई, लई भलं झालं बगा! खरूज निघाली. आमी देवी समजून रातभर डोळ्याला डोळा लावला नाय. सकाळच्याला शाळेच्या मास्तरकडून वाचून घेतलं, मग जिवात जीव आला.”

“आणि हे कुठं निघालात?”

“पुंजाअक्काच्या रानात. आज तिची पाळी हाय.”



आमच्याकडं पिकं निघाली की शेतकरी मेंढपाळांना रानात मेंढरं बसवायला बोलावतात. चार-पाच रात्री कळप रानात बसला की लेंडीखत आयतं पडतं. बदल्यात शेतकरी धान्य देतो. कोणत्या वाड्यानं कोणाच्या रानात कधी बसायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. त्याला पाळी म्हणतात. पाळी चुकली तर शेतकरी दुसरा वाडा बोलावतो, आणि गेलेली पाळी सहसा परत मिळत नाही. पुंजाबाई विधवा, तीन एकर रान असलेली बाई. तिची स्वतःची वीस मेंढरं होती आणि त्यातल्या बहुतेक मेंढ्या आठवडा-पंधरवड्यात विणार होत्या. तिचं वर्ष त्या कोकरांवर चालायचं. हा कळप तिच्या रानात बसला असता तर तिचं एकही कोकरू हाती लागलं नसतं.

“जाऊ नका,” मी म्हणाले.

नामदेवचं हसू मावळलं. “काहून? कागदावर तर खरूज हाय.”

“कागद राहू द्या. मी सांगते ना, जाऊ नका.”

“म्हंजी कागद खोटा?”

कॉलेजात पहिली आलेली बाई खाली मान घालून उभी होती.

एवढ्यात आबा आले. सत्तरीचे, काटक, कानात बाळी. त्यांनी चिठ्ठी घेतली, उलटीसुलटी केली. आबांना वाचता येत होतं, पण एकाच ग्रंथातलं. वाड्याबरोबर लाल फडक्यात बांधलेली एक जुनी पोथी फिरायची. त्या पोथीवरच ते अक्षरं शिकले होते. एसटीची पाटी मात्र दुसऱ्याला विचारायचे.

“बाई, कागद म्हनतो खरूज,” आबा म्हणाले. “डोळ्याला देवी दिसत्यात. आता तुमी म्हनता जाऊ नगा. आमी कुनाचं धरावं?”

“देवाला कौल लावू,” नामदेव मध्येच बोलला. “उजवा दिला तर निघू, डावा दिला तर ऱ्हाऊ.” कौल म्हणजे देवाच्या मूर्तीला फुलं चिकटवायची आणि कोणत्या बाजूचं आधी पडतं त्यावरून होकार की नकार ते ठरवायचं.

आबांनी मान हलवली. “कौल ठाऊक नसलेल्या गोष्टीचा लावत्यात, नाम्या. जे ठाऊक हाय ते देवाला काय इचारायचं? त्याला काय दुसरी कामं नाय का? घोड्यावरलं वझं उतरव. पोथी काढ.”

मला वाटलं, झालं. आता हे तासभर पोथी वाचणार आणि मी उन्हात उभी राहणार. पण त्या वाड्याची रीत मला ठाऊक नव्हती. सगळ्यांना बांधणारा निर्णय असला की पोथी वाचल्याशिवाय कळप हलवायचा नाही. आदल्या दिवशी जिथं थांबले तिथून पुढचा अध्याय घ्यायचा, सोयीचा शोधायचा नाही. वाचून झालं की प्रत्येकानं आपल्याला त्यात काय ऐकू आलं ते सांगायचं. बायांनीसुद्धा. सुरुवात वयानं सगळ्यात लहान असेल त्यानं करायची आणि सगळ्यात थोरल्यानं शेवटी बोलायचं.

“थोरला आधी बोलला की बाकीचे निस्ते माना हलवत्यात,” आबांनी मला समजावलं. आमच्या खात्यातल्या मीटिंगा नेमक्या उलट्या चालायच्या.

बाभळीखाली घोंगडी अंथरली. आबांनी हातपाय धुतले, पोथीला हळद वाहिली आणि बोट फिरवत वाचायला लागले. त्या दिवशीचा अध्याय एका गरीब बाईचा होता. दारी अवेळी पाहुणा येतो, घरात शेवटची भाकरी असते आणि ती त्याला वाढते. अध्याय संपल्यावर पोथी मिटली. बोलायची पहिली पाळी आबांची नवी सून गया हिची होती. पण नामदेवला राहवलं नाही.

“पोथीनंच सांगितलं की! पुंजाअक्का वाढायला बसलीय, आपुन पाव्हणे. जायलाच पायजे.”

“तुझा नंबर नाय,” आबा म्हणाले. “गया, बोल.”

गयानं पदर पुढं ओढला. लग्न होऊन पहिलंच वर्ष तिचं. आवाज बारीक, पण शब्द तुटला नाही.

“मामंजी, पोथीतला पाव्हणा भूक घिऊन आला व्हता. आपुन देवी घिऊन चाललो. असला पाव्हणा दारात येऊ ने म्हनून बाया नवस बोलत्यात.”

मग एकेक जण बोलला. एकानं पाळी जाण्याची भीती सांगितली. नामदेवच्या बायकोनं पोराबाळांच्या तोंडचं धान्य जाईल असं म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. नामदेव म्हणाला, “गया म्हनती ते खरं हाय. पर ऱ्हायलो तर आपुन मरतो, हेबी खरं हाय.” आबांनी कुणालाच अडवलं नाही.

मग ते माझ्याकडं वळले. “बाई, तुमी आमच्यात बसून ऐकलं. आता तुमची पाळी.”

“आबा, ही तुमची पोथी आहे. मी ख्रिस्ती.”

“मंग? तुमच्या शास्त्रात मेंढरं नायती का?”

“पुष्कळ आहेत,” मी म्हणाले, आणि मला हसू आलं. हसता हसता डोळे भरून आले. छावणीतल्या आमच्या घरी वडील रोज संध्याकाळी शास्त्र वाचत. आम्ही भावंडं हात जोडून ऐकत असू. पण वाचून झाल्यावर ‘तुला काय ऐकू आलं?’ असं कुणी कुणाला कधी विचारलं नव्हतं. तो प्रश्न मला पहिल्यांदा बाभळीखाली, घोंगडीवर, एका मेंढपाळानं विचारला.

“मला असं ऐकू आलं,” मी म्हणाले, “की त्या बाईनं पाहुण्याला खोटं सांगितलं नाही. मी सांगितलं. तुमच्या मेंढरांना देवीच आल्यात. साहेबांना नको होतं म्हणून मी खरूज लिहिलं. माझी नोकरी राहावी म्हणून.”

मला वाटलं होतं, आता शिव्या बसतील. आबांनी चिठ्ठी नामदेवकडं परत दिली होती. त्यानं ती घडी घालून माझ्यापुढं ठेवली. नुसती ठेवली.

आबा शेवटी बोलले. “वाडा हितंच ऱ्हाईल. पाळी जाईल तर जाईल. पुंजाअक्काला म्या सांगतो. आन बाई, तुमच्या कागदाचं तुमी बगा. आमी कुनापाशी बोलनार नाय.”

ते मला मोकळं सोडत होते. त्यामुळंच मला सुटता आलं नाही. मी पेन काढलं. सरकारी कागदात खोडरबर चालत नाही. चुकलेल्या शब्दावर एक रेघ मारायची, वर बरोबर लिहायचं, बाजूला सही करायची. आधी चिठ्ठी दुरुस्त केली, मग दवाखान्यात जाऊन रजिस्टर, आणि देवीचा लेखी रिपोर्टही लिहिला. रशीदभाई बघत होते. सही झाल्यावर त्यांनी न सांगता चहा टाकला.

तिकडं आबा पुंजाबाईच्या रानाच्या धुऱ्यापाशी, म्हणजे बांधापाशी गेले आणि लांबूनच ओरडले, “अक्का, देवी आल्यात. यंदा येत नाय. तुजी मेंढरं बाहेर काढू नगं!” तिनंही लांबूनच हात जोडले म्हणे.

साहेबांचा चेहरा रिपोर्ट वाचून लाल झाला.

“मॅडम, काय केलंय तुम्ही, कळतंय का?”

“हो सर. निदान.”

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मला अजून कळलेलं नाही, पण आजही ते आठवलं की मी खूश होते. रजिस्टरात नोंद असलेला लेखी रिपोर्ट हातात आल्यावर साहेबांनाही तो दाबता येईना. तिसऱ्या दिवशी लस निघाली. बर्फाचा थर्मास मांडीवर धरून मी औरंगाबादहून एसटीनं आले. अशा वेळी नियम असतो, आधी निरोगी, मग आजारी. म्हणून आंघोळ करून, धुतलेले कपडे आणि दुसरे बूट घालून पहिल्यांदा पुंजाबाईच्या गोठ्यात गेले. मग आसपासच्या पाच गावांत मी आणि रशीदभाईंनी दिवसभर सुया टोचल्या. प्रदर्शन झालं. मेंढ्यांविना झालं. पाहुण्यांनी बैल पाहिले, भाषण केलं आणि गेले.

आबांची नऊ कोकरं आणि चार मेंढ्या गेल्या. दीड महिना वाडा बाभळीखालून हलला नाही. पण रोग वाड्याजवळच्या नाल्याच्या पुढं गेला नाही. पुंजाबाईच्या मेंढ्या व्याल्या, कोकरं जगली. आबा तिच्या रानात बसलेच नव्हते, तरी ठरलेलं धान्य तिनं स्वतः डोक्यावर आणून धुऱ्यावर ठेवलं आणि मागं सरून हाक मारली. पुढच्या वर्षी पाळी आबांचीच राहिली. मी त्या दिवशी मुद्दाम बघायला गेले. दोनशे मेंढरं तिच्या रानात शिरताना पाहून मला त्या माणसांचा इतका अभिमान वाटला की छाती भरून आली. थोडा माझाही वाटला. खोटं कशाला बोलू? एकदा बोलून झालं होतं.

मला मेमो मिळाला. ‘खरं का लिहिलं?’ असं मेमोत विचारता येत नाही. म्हणून त्यात होतं, ‘रजिस्टरात खाडाखोड केल्याबद्दल खुलासा करावा.’ मी एका ओळीत खुलासा केला, ‘आधीची नोंद चुकीची होती.’ प्रोबेशन सहा महिने लांबलं. तो मेमो मी लॅमिनेट करून ठेवलाय. माझ्या पदवीशेजारी भिंतीवर आहे आणि येणारा-जाणारा आधी तोच वाचतो.

पुढं माझ्या हाताखाली बरेच तरुण डॉक्टर आले. रोगाचं नाव लिहिताना त्यांचं पेन अडलं की मी एवढंच सांगायचे, “साहेब काय म्हणतील ते सोडा. हा कागद वाचून मेंढरं कुठं जातील, ते आधी बघा.”