‘मग पुढे काय?’ विचारणारे डॉक्टरभाऊ

‘कसं काय, बरं आहे ना?’ या प्रश्नाला खरं उत्तर मिळावं म्हणून हाडांची काडं करणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच झाला, आणि तो नेमका आमच्या नात्यात निघाला. माझी धाकटी नणंद इंदू, तिचे हे धाकटे दीर. आम्ही सगळे त्यांना डॉक्टरभाऊ म्हणायचो. नोकरी धुळ्याला एका मोठ्या दवाखान्यात, आणि रविवारी जळगावला भाऊ-वहिनीकडे जेवायला. आता डॉक्टर म्हटला की औषध देईल, सुई टोचेल, गेला बाजार ‘तेलकट खाऊ नका’ तरी म्हणेल. यांना त्यात गोडी नव्हती. आपल्या दोन जिल्ह्यांतल्या ज्या माणसांनी मुंबईला जाऊन हृदयाचं नाहीतर डोक्याचं ऑपरेशन करून घेतलं, ती गावी परत आल्यावर त्यांचं पुढे काय झालं, एवढंच यांना हवं असायचं. मी सांगतेय ती ऐंशी सालानंतरची गोष्ट. तेव्हा कुणी असं ऑपरेशन करून आलं की लोक स्टेशनावर हार घेऊन जायचे. मुंबईच्या कागदावर ‘ऑपरेशन यशस्वी’ लिहिलेलं असायचं, की झालं, सगळे निर्धास्त. डॉक्टरभाऊ म्हणायचे, “अक्का, यशस्वी म्हणजे काय, तर माणूस टेबलावरून जिवंत उतरला. ते टेबलाचं यश झालं. माणसाचं काय?” आणि मग त्या माणसाचा पत्ता विचारत एस.टी.नं गावोगाव हिंडायचे.

अशा माणसाला लग्नकार्यात बोलावणं म्हणजे विकतचं दुखणं. लोक नवरीचं तोंड बघत, हे वऱ्हाड्यांचे पाय बघत, कुणाला सूज आहे का म्हणून. नमस्काराला हात पुढे केला की तो लवकर परत मिळायचा नाही, नाडी मोजून झाल्यावर मिळायचा. आमच्या यजमानांना एकदा भर पंगतीत म्हणाले, “दाजी, जिलबी वाढताना तुम्हाला धाप लागली. मागच्या लग्नात लागली नव्हती.” त्या दिवसापासून आमच्या यांनी पंगतीत वाढणं सोडलं ते सोडलंच. पेशंटचा दम बघायचा तर त्याला जिना चढवायला हवा, असं त्यांच्या पुस्तकात होतं. खेड्यात धाब्याची घरं, जिना कुठून आणायचा? मग शिडी लावायची आणि धाब्यावर चढायचं. अंगानं हे चांगलेच भारी. एरंडोलचे एक म्हातारे आबा सरसर वर गेले आणि हे निम्म्या शिडीवर छाती धरून उभे. आबांनी वरून हात दिला आणि खाली जमलेल्या बायांना विचारलं, “आपरेशन कोनं व्हयनं व्हतं वं, मन्हं का यासनं?” हे सांगताना डॉक्टरभाऊ स्वतःच पोट धरून हसायचे. पण हसून झाल्यावर म्हणायचे, “आबा बरे आहेत, अक्का. असे अजून चार-दोन तरी निघायला हवेत.” त्या वाक्यानं माझं हसू तिथंच थांबायचं.

डोक्याच्या ऑपरेशनवाल्यांचं तर आणखीच अवघड. पारोळ्याकडची एक बाई बैलगाडीतून पडली, डोक्यात रक्ताची गाठ झाली, ती मुंबईला काढली. बाई चालते, बोलते, नाव-गाव सांगते, नाकाला बोट लावून दाखवते. कागदावर पूर्ण बरी. डॉक्टरभाऊ तिला बघून निघता निघता सासूनं सहज तक्रार केली, की सूनबाईच्या हातचे मांडे आता फाटतात. आपल्याकडचे पुरणाचे मांडे म्हणजे काय खेळ असतो, ते ज्यांनी केलेत त्यांना ठाऊक. दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कणीक कोपरापर्यंत मोठी करायची आणि तशीच उचलून खापरावर पसरायची. तिथं हाताला डोकं लागतं आणि डोक्याला हात. डॉक्टरभाऊंना जणू मोहरांचा हंडा सापडला. पुण्याच्या मोठ्या बैठकीत त्यांनी उभं राहून सांगितलं, की ही बाई बरी नाही, हिला मांडे येत नाहीत. तिथले सगळे मोठे डॉक्टर पोटभर हसले. एकानं विचारलं, मग मांड्याला किती गुण धरायचे? रविवारी हे आमच्या ओट्यावर येऊन बसले, तोंड एवढंसं. “अक्का, तुम्ही सांगा, मांड्याला किती गुण द्यावेत?” मी म्हटलं, “पुरण किती भरलंय त्यावर आहे.” त्यांना त्यावरही हसायला आलं नाही. म्हणाले, “त्या बाईला रोज वाटत असेल, आपलं काहीतरी गेलंय. आणि सगळं जग तिला सांगतंय, काही गेलेलं नाही.”

पण त्यांचा खरा घात केला तो आपल्या लोकांच्या चांगुलपणानं. आपल्याकडे पाहुणा दारात आला की त्याच्यापुढे रडगाणं गायचं नाही. त्यात हा पाहुणा डॉक्टर, धुळ्याहून उन्हातान्हात आलेला. कसं आहे विचारलं की उत्तर ठरलेलं, “बठ्ठं बेस शे, डाक्टर. पहिले जेवी ल्या.” लगेच वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, तेलाची धार. जेवण झाल्यावर कुठला माणूस म्हणणार, की मला रात्री आडवं होता येत नाही? डॉक्टरभाऊंच्या ध्यानात आलं की खोटं बोलण्याचं मूळ पाहुणचारात आहे. मग त्यांनी नेम केला, उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही, पाणीसुद्धा घ्यायचं नाही, बाहेर उभं राहून विचारायचं. पण आपल्या गावात पिशवी घेऊन दारात उभा राहतो आणि चहाला नाही म्हणतो, असा एकच माणूस असतो, तो म्हणजे वीज तोडायला आलेला. एका गल्लीत त्यांना बघून पटापट सगळी दारं लागली.

त्याच दिवसांत धरणगावचे, हृदयाचं ऑपरेशन झालेले एक नाना गेले. दोनच आठवड्यांपूर्वी डॉक्टरभाऊ त्यांच्याकडे जाऊन आले होते. नाना पांढरा फेटा बांधून ओट्यावर लोडाला टेकून बसलेले, हसून म्हणाले, बठ्ठं बेस शे. मागून कळलं, की महिनाभर ते तसे बसूनच झोपत होते, पडलं की जीव घाबरा व्हायचा. डॉक्टर येणार म्हणून बायकोनं फेटा बांधून दिला होता. मयताला डॉक्टरभाऊ गेले तर ती माउली यांचंच सांत्वन करायला लागली, “तुम्ही इतला लांबथून उनात, तुमले वाईट वाटी म्हनीसन नही सांगं.” परत आल्यावर “माझं मन राखायला मेला तो माणूस,” एवढंच म्हणाले.

आणि नेमकी त्याच वर्षी पाळी आली आमच्या इंदूची. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्यात तिच्या हृदयाची झडप खराब झालेली. दोन लेकरांनंतर दम लागायला लागला, पाटावर बसून कणीक मळताना ओठ निळे पडायचे. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, झडप बदला. घरातले सगळे डॉक्टरभाऊंच्या तोंडाकडे बघायला लागले. सगळ्या खानदेशात हिंडून ज्यानं ऑपरेशनवाली माणसं बघितली, त्यानं सांगायचं, करावं का नाही. त्यांचे थोरले भाऊ म्हणाले, “इतकी वर्षं एस.टी.त घातलीस ना, मग बोल की.” डॉक्टरभाऊ पाटावर मान खाली घालून बसले. म्हणाले, “दादा, ज्यांना विचारलं ते सगळे बरे आहेत म्हणाले. माझ्याकडे त्यापलीकडे काही नाही.” शेवटी इंदूच म्हणाली, “भाऊ, माझ्या जागी तुमची आई असती तर काय केलं असतं?” तेव्हा ते म्हणाले, “करा.” आणि उठून परसात गेले.

ऑपरेशन झालं. इंदू हार घालून परत आली. नवी झडप धातूची, तिचा टिकटिक आवाज बाहेर ऐकू यायचा. गल्लीतली पोरं शेजारी बसून कान द्यायची, आणि इंदू म्हणायची, “माझ्या नादानं घड्याळं लावा रे.” चांगली चार वर्षं गेली. ओठ गुलाबी झाले, हंडा उचलायला लागली. डॉक्टरभाऊ दर रविवारी तिला सगळं विचारायचे. झोप, दम, पाय, हिरड्यांतून रक्त येतं का, रक्त पातळ ठेवायची गोळी वेळेवर घेता ना. ती दटावायची, “आधी जेवा, मग उलटतपासणी घ्या.” पण उत्तरं खरी द्यायची. दम लागला तर लागला म्हणायची. अभ्यासातलं आपलं एकच माणूस खरं बोलतं, म्हणून ते तिला फार मानायचे.

पुढच्या श्रावणात नागपंचमी झाली, रविवारी आमच्या खानदेशची देवी कानबाई घरोघर बसायच्या होत्या. इंदू घरची थोरली सून, नैवेद्याचे रोट तिच्याच हातचे. शुक्रवारी सकाळी दळण घेऊन उठली आणि खालीच कोसळली. झडपेवर रक्ताची गाठ धरली आणि ती मेंदूत गेली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टरभाऊ धुळ्याहून धावत आले आणि वेड्यासारखं एकच विचारत राहिले, गोळी चालू असताना गाठ झाली कशी?

ते मला तिच्या लेकीनं सांगितलं, दवाखान्याच्या व्हरांड्यात, रडत रडत. त्या गोळीनं इंदूला दर महिन्याची अडचण लांबायची. चार दिवसांची दहा-दहा दिवस व्हायची. अडचणीत कानबाईला हात कसा लावायचा, रोट कोण करणार? म्हणून तिनं गोळ्या बंद केल्या होत्या, कानबाई उठल्या की पुन्हा सुरू करू म्हणून. कानबाईला चालावं म्हणून.

मीच ते डॉक्टरभाऊंना सांगितलं, दुसरं कुणी सांगण्यासारखं नव्हतं. ते म्हणाले, “पण मी दर रविवारी सगळं विचारत होतो.” मी म्हटलं, “हे कुठं विचारलंत? आणि विचारलं असतं तरी ती दिराला काय सांगणार होती?” बाईची झडप बदलल्यावर पुढे काय होतं, यातलं अर्धं त्यांना कधी कळणारच नव्हतं, हे त्यांना तिथं बाकावर कळलं.

त्यांनी धुळ्याची नोकरी सोडली आणि जळगावला भावाकडेच येऊन राहिले. अभ्यास अपुरा राहिला, बैठकांना जाणं बंद झालं. फक्त एकदा मला म्हणाले, “अक्का, एरंडोलला एक मुलगी आहे, तिचंही झडपेचं झालंय. तुम्ही चला. मला विचारता येणार नाही.” गेलो. ते घराकडे पाठ करून लिंबाखाली उभे राहिले. मी आत चुलीपाशी बसले, इकडचं तिकडचं बोलले, मग विचारलं. पोरगी पदराशी चाळा करत म्हणाली, “गोया बंद शेत ना, मावशी. हाई कोनले सांगू?” तिच्या सासूला मी पुढ्यात बसवलं आणि इंदूचं सगळं सांगितलं. म्हातारीनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग सुनेला म्हणाली, “गोई खाय. कानबाईनं मी देखी लिसू.”

बाहेर येऊन मी डॉक्टरभाऊंना सांगितलं. मला वाटलं, निदान एवढ्यानं तरी माणूस हलका होईल. ते हापशावर गेले आणि तोंडावर पाणी मारत राहिले, थांबेचनात. मग रुमालानं तोंड पुसत म्हणाले, “चला अक्का, मिळेल त्या गाडीनं निघू. वहिनींची जेवायची वेळ होईल. माझ्याखेरीज दुसऱ्या कुणाच्या हातून त्या घास घेत नाहीत.”

इंदू अजून सहा वर्षं होती. मी संध्याकाळी गेले की ते दिसायचे, भात मऊ कालवून चमच्यानं भरवताना, तोंडाच्या कडेनं ओघळलेलं वरण पुसताना. ती डाव्या हातानं त्यांची बाही धरून ठेवायची. घास संपेपर्यंत दोघांपैकी कुणी कुणाला काही विचारायचं नाही.