नवाची बेरीज आणि भाविकाचा सूर

उरणच्या अनंताशेठची श्रद्धा दोनच ठिकाणी होती: गावदेवीवर आणि नऊ या आकड्यावर. वडिलांचं मिठागर बंदरासाठी गेलं, त्या भरपाईच्या पैशातून कंटेनर वाहणारा पहिला ट्रेलर आला आणि त्याच्या नंबराची बेरीज योगायोगाने नऊ भरली. धंदा चालला तो शेठ जिवाचं रान करून राबले म्हणून. श्रेय मात्र नवाने खाल्लं. तेव्हापासून गाडी, मोबाइल, हॉटेलची खोली, सगळ्यांची बेरीज नऊच हवी. मुलीला आलेलं एक चांगलं स्थळ त्यांनी मुलाच्या फ्लॅटचा नंबर बघून परत धाडलं होतं.

कामात मात्र शेठ चोख. बंदराच्या गेटवर कागदावरचा नंबर आणि कंटेनरवरचा नंबर जुळला नाही, तर आत सोनं असलं तरी गाडी मागे फिरते. तेवढ्या चुकीसाठी त्यांनी भल्या ड्रायव्हरांना घरी बसवलं होतं, आणि ते अभिमानाने सांगायचेही.

त्यांची पुतणी भाविका सूर मारण्यात पटाईत. जिल्हा स्पर्धेतून एकच मुलगी राज्याच्या संघात जाणार होती, आणि भाविका त्यासाठी वर्षभर पहाटे उठत होती. शेठनी पोहण्याच्या तलावाला सूर मारायची नवी फळी दिली, म्हणून जिल्ह्याच्या जलतरण संघटनेने त्यांना अध्यक्ष केलं. त्यांना पोहता येत नव्हतं, पण अध्यक्षाला पाण्यात कोण उतरवतो?

स्पर्धेच्या सकाळी शेठनी विचारलं, "तुजा शेवटचा सूर कुठला?"

"एकशे तीन सी. पयला आकडा दिशेचा, काका. एक म्हंजे पुढं तोंड करून पुढंच फिरायचं. दोन म्हंजे पाठमोरं उभं राहून मागं. तीनला पुढं उडी मारून उलटं फिरायचं, चारला पाण्याकडं पाठ करून फळीच्या बाजूला. मधलं शून्य म्हंजे साधी उडी. शेवटचा आकडा अर्ध्या कोलांट्यांचा, तीन म्हंजे दीड. आनि सी म्हंजे गुडघे पोटाशी."

शेठनी यातलं एकच ऐकलं: एकशे तीनची बेरीज चार.

"चार? घरात आजवर चार चाललाय का?"

भाविका हसून कपडे बदलायला गेली. शेठ हसले नाहीत. ते थेट नोंदीच्या टेबलाशी गेले. तिथे निकेत बसला होता, जो एरवी त्यांच्याच ऑफिसात बिलं करायचा.

"एकशे तीन खोड. चारशे पाच लिव."

"शेठ, पन पोरीला विचारलं का?"

"अध्यक्ष कोन हाय?"

निकेतने खोडलं, शेठनी सही ठोकली.

भाविका फळीवर आली आणि माइक घुमला, "चारशे पाच सी!" ती जागच्या जागी थिजली. पाण्याकडे पाठ करून फळीच्या दिशेने अडीच कोलांट्या! तिने त्या कधी करून पाहिल्याही नव्हत्या. डोकं फळीवर आपटलं असतं. तिचे सर पंचांकडे धावले. पंच म्हणाले, अध्यक्षांची सही आहे, आता बदल होणार नाही. समोर शेठ अंगठा उंचावून हसत होते.

तिने डोळे मिटले आणि आपला एकशे तीनच मारला. इतका सफाईदार की पाणी जेमतेम हललं. शेठ टाळ्या पिटत उठले, तर फलकावर शून्य.

"एवढा चोख सूर आनि शून्य?" ते पंचांवर धावून गेले.

"सूर सुरेखच होता," पंच म्हणाले. "पण पुकारला एक आणि मारला दुसरा."

भाविका टॉवेल गुंडाळून मागे उभी होती. डोळे लाल, आवाज मात्र शांत.

"काका, गेटवर नंबर जुळला न्हाय तर तुमची गाडी आत घेतात?"

"न्हाय," शेठ म्हणाले.

राज्याच्या संघात काशीद गावची एक मुलगी निवडली गेली. बाहेर शेठनी आपल्या नऊ बेरजेच्या गाडीचं दार उघडून धरलं. भाविका त्यांच्यासमोरून गेली आणि आईच्या जुन्या स्कूटीवर मागे बसली. त्या स्कूटीच्या नंबराची बेरीज किती, हे घरात कोणी कधी मोजलं नव्हतं.