वरचे चिकू

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते तलासरीत पूर्वी सीडी भाड्याने देणाऱ्या काकांचे. ॲपवर जुने, चांगले सिनेमे शोधायला त्यांनीच मला शिकवलं. एका बोटाने टाइप करत ते म्हणायचे, “वरचे चिकू दाखवायला असतात रे. खालून उचल. दिग्दर्शकाचं नाव टाक.”

त्यांनी काढून दिलेल्या सिनेमांच्या याद्या मी ऑफिसच्या ग्रुपवर माझ्या म्हणून टाकत होतो. एकदा काका आणि मी डहाणू रोडला चहा घेत असताना ऑफिसचे साहेब भेटले. म्हणाले, “काका, हा सिनेमे भारी शोधतो हां.”

काका शांतपणे म्हणाले, “हो, नजर आहे त्याला.”

मला मान वर करवेना. घरी येऊन पत्र लिहिलं:

“ती. काका, याद्या तुमच्या होत्या, हे आज ग्रुपवर कबूल केलं. सगळे तुमचं नाव विचारतायत. सांगू का?”