आजोबांच्या करवतीचं नवं टेबल

मागच्या वर्षी तुमच्या आजोबांनी त्यांची मोठी करवत देऊन टाकायचं ठरवलं होतं. मुरगूडला खिडक्या-दारं करणारे एक गृहस्थ ती न्यायला येणार होते. रविवारी सकाळी टेम्पो घेऊन येतो, असा त्यांचा निरोपही आला होता. फोनवर आम्ही तुम्हाला यातलं काही सांगितलं नाही, कारण आजोबांना त्यावर बोलायचंच नव्हतं. आता सगळं नीट झालं आहे, म्हणून लिहिते.

ही करवत तुम्ही लांबून पाहिली आहे. तिला रेडियल आर्म सॉ म्हणतात. मागे एक लोखंडी खांब, खांबावरून पुढे आलेला आडवा दांडा, आणि त्या दांड्याखाली टांगलेली मोटर व गोल पातं. लाकूड टेबलावर मागच्या पट्टीला टेकवून धरायचं आणि पातं आपल्याकडे ओढायचं. आजोबांच्या फौंड्रीत ओतकामासाठी आधी लाकडी नमुने करत, त्या विभागात ती होती. पुढे तिथे नवी यंत्रं आली, ही अडगळीत पडली, आणि आजोबा निवृत्त झाले तेव्हा आमच्या मागच्या शेडमध्ये आली. तेव्हापासून तेरा वर्षं रोज सकाळी दहा ते बारा ते तिथेच असत.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या चौकटी जुळेनाशा झाल्या. तीन कोपरे बंद होत आणि चौथा उघडा राही. आधी त्यांनी लाकडाला दोष दिला, मग पात्याला. नवं पातं आणूनही फरक पडला नाही, तेव्हा स्वतःला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर उत्तम आहे म्हणून सांगितलं, ते त्यांना पटलं नाही; स्वतःच दुकानातून थेंब आणून घालू लागले. शेजारच्या बाईंसाठी देव्हारा करायला घेतला होता, तो अर्धा झालेला उकलून ठेवला. त्या दिवशी जेवताना म्हणाले, "हात गेला माझा. मोटर चालतेय तोवर करवत कुणाच्या तरी उपयोगी पडू दे."

खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. ते पातं त्यांच्या दिशेने येताना पाहिलं की मी शेडमधून निघून येई. दहाही बोटं शाबूत असताना हे संपतंय, असं मी मनाशी म्हटलं. पण मग दहा वाजले की ते बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसू लागले, आणि अर्धा-अर्धा तास पान उलटल्याचा आवाज येत नसे. तेव्हा मला माझ्याच सुटकेची लाज वाटू लागली.

करवत नेण्याआधी तिचे बोल्ट नीट सोडवायला हवे होते. त्यासाठी आजोबांनी फौंड्रीतल्या जुन्या मिस्त्रींना बोलावलं. आयुष्यभर लाकडी नमुने केलेला हा माणूस. वय आजोबांएवढंच, आवाज मात्र दोन गल्ल्यांना पुरेल असा. त्यांना फक्त बोल्ट सोडवायचे होते. पण आल्याबरोबर त्यांनी सवयीने एक सरळ लोखंडी पट्टी टेबलावर उभी धरली आणि खाली वाकून पाहिलं. पट्टीच्या खालून उजेड येत होता. त्यांनी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला, नखाने थोडा भुसा उकरला आणि विचारलं, "ह्या टेबलाला पाणी कोण पाजतंय?"

कोण पाजत होतं ते मला लगेच कळलं. टेबलाची फळी दाबलेल्या भुशाची होती. मी दर शनिवारी ती स्वयंपाकाच्या ओट्यासारखी ओल्या फडक्याने पुसत असे. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, हत्यारांची पूजा असते. तेव्हा मी ती चांगली धूत असे, हळदकुंकू वाहत असे आणि नारळही तिच्यावरच फोडत असे. स्वच्छतेचा मला किती अभिमान, ते तुमची आई सांगेल. तेरा वर्षांत फळी कडेला फुगली होती आणि मध्ये बसली होती. मी हे सगळं तिथेच सांगून टाकलं.

आजोबांनी मिस्त्रींना विचारलं, "म्हणजे वाकडं हे होतं?"

"मग काय तर. सायेब, तुमचा हात सरळ हाय. खालचं नाचतंय."

मी बोलणी खायच्या तयारीत होते. आजोबा माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, आणि मी उगीच डोळ्यांत थेंब घालत बसलो होतो." एवढंच. त्या दिवसापासून आजपर्यंत त्यांनी मला एका शब्दाने टोचलेलं नाही. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला बरंच काही दिलं, त्यात हे मी फार वर ठेवते.

बोल्ट सोडवायचं राहिलं, टेबलच काढलं. नवं टेबल तीन दिवसांत झालं. मिस्त्रींनी पाण्याला दाद न देणारं जाड प्लायवूड आणलं, त्यात खाचा पाडून लोखंडी पट्ट्या उभ्या बसवल्या आणि वरून दुसरं प्लायवूड सरसाने चिकटवलं. दाबायला माझा पाटा आणि दोन भरलेले सिलिंडर कामी आले. त्यावर एक पातळ फळी फक्त स्क्रूने बसवली. पात्याचे ओरखडे तिने सोसायचे, खराब झाली की बदलायची.

मग टेबल समपातळीत आणायचं काम. पात्याच्या जागी एक खिळा बांधला. आजोबा दांडा फिरवत, मी खिळ्याखालून जुन्या कॅलेंडरचा कागद सरकवून "घट्ट" किंवा "सैल" म्हणे, आणि मिस्त्री खालून बोल्ट पिळत. नऊ जागा होत्या. मी वहीत नऊ घरं आखली. नवव्यांदा ती भरली तेव्हा कुठे सगळ्या घरांत एकच शब्द आला.

शेवटी आजोबांनी एक रुंद फळी कापली. दोन तुकड्यांपैकी एक उलटा केला आणि दोन्ही मागच्या पट्टीला टेकवून एकमेकांना भिडवले. काप किंचित जरी तिरका असेल, तर अशा वेळी फट दुप्पट दिसते. त्यांनी स्वतः पाहिलं नाही. मला म्हणाले, "तू बघ."

मी पाहिलं. "फट नाही."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. नाही."

मग त्यांनी चष्मा पुसला, खाली वाकले आणि स्वतः पाहिलं. मिस्त्री दाराकडे तोंड करून विडी शोधत राहिले. त्या माणसाचे किती उपकार मानावेत, मला कळत नाही. सांगितलेलं काम करून ते अर्ध्या तासात घरी जाऊ शकले असते.

या सगळ्यात मुरगूडला कळवायचं आम्ही साफ विसरलो. रविवारी सकाळी फाटकाशी हॉर्न वाजला तेव्हा आठवण झाली. आजोबा चोरासारखे पुढे झाले आणि त्यांनी माफी मागितली. ते गृहस्थ कमरेवर हात ठेवून उभे. "काका, आदी फोन तरी करायचा की. टेम्पोवाल्याला काय सांगू आता, हवा खायला आलतो म्हणून?"

मी त्यांना आणि टेम्पोवाल्याला आत बोलावून पोहे दिले. मिस्त्रीही तिथेच होते. खाऊन झाल्यावर गृहस्थ शेडमध्ये गेले, नव्या टेबलावरून तळवा फिरवला, आतल्या पट्ट्यांची चौकशी केली. आजोबांनी त्यांना कागदावर आकृती काढून दिली. ती खिशात घालत त्यांनी विचारलं, "मग आता देणार कवा?"

"हे टेबल झिजलं की," आजोबा म्हणाले.

"ते न्हाई झिजायचं," मिस्त्री आतून ओरडले.

टेम्पो रिकामाच गेला.