जुन्या तारिफेखाली नवा माल

एका ऑनलाइन विक्रेत्याने मला यूपीएस विकताना फसवलं, आणि त्यासाठी बीबी गावच्या एका बाईचा खरा शब्द वापरला. माल माझ्या गळ्यात पडला आणि खोटेपणा तिच्या माथी. तो विक्रेता कोण, कुठला, ते मला आजही माहीत नाही.

बुलढाण्याजवळच्या धाड गावात माझं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पीकविमा, कॉलेजचे प्रवेश, दाखले, सातबारा, झेरॉक्स. दुकान कोणी करून दिलेलं नाही. त्याआधी मी आठवडी बाजारात पोतं अंथरून टॉर्च, सेल आणि घड्याळाचे पट्टे विकत होतो, आणि गिऱ्हाईक ओळखायला तिथेच शिकलो. माझ्या पोत्याशेजारी एक मलमवाला बसायचा. त्याचा एक ठरलेला माणूस होता. तो गर्दीतून लंगडत यायचा, गुडघ्याला मलम चोळून घ्यायचा आणि थोड्या वेळाने तुरुतुरु चालत दोन डब्या घेऊन जायचा. धाडच्या बाजारात तो डाव्या पायाने लंगडायचा आणि दुसऱ्या गावच्या बाजारात उजव्या. मी एकदा त्याला विचारलंही, "काऊन बे, दुखणं बदललं काय?" तो म्हणाला, "तुमच्या गावचा रस्ता खराब हाय ना!"

त्या माणसाला बघून बघून मला एक गोष्ट कळली. खोटं गिऱ्हाईक भाव करत नाही आणि कुरकुर करत नाही. खरं गिऱ्हाईक पैसे देतानासुद्धा म्हणतं, महाग लावलं, पट्टा जरा आखूडच आहे, पण जाऊ दे. ज्याने पदरचे पैसे घातले त्याच्या तोंडून निव्वळ गोड शब्द येत नाहीत.

पुढे मी दुकानासाठी कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, मेमरी कार्ड असं सामान ऑनलाइन मागवायला लागलो, तेव्हा खालचे अभिप्राय याच नजरेने वाचू लागलो. पाच तारे देऊन 'खूप सुंदर उत्पादन' लिहिणारा माझ्या लेखी मलमवाल्याचा लंगडा. एकाच दिवशी दहा जण तेच वाक्य लिहितात, तेही लंगडेच. एक तारा देणाऱ्यांवरही माझा सरसकट विश्वास नाही. त्यातले निम्मे खोक्याला पोचा आला म्हणून किंवा पार्सलवाला उर्मट बोलला म्हणून चिडलेले असतात. खोक्याचा पोचा म्हणजे प्रिंटरचा दोष नव्हे. काही जण तर खोकं फोडायच्या आधीच लिहितात, 'अजून वापरलं नाही, पण छान वाटतंय.' मी वाचतो ते तीन तारेवाले. आणि त्यातही जुने. सहा महिने, वर्ष वापरून जो परत येऊन लिहितो, तो मला जुन्या गिऱ्हाइकासारखा वाटतो. आमच्याकडे दुकानाची पारख तशीच करतात. ओट्यावर जुनी गिऱ्हाइकं बसलेली दिसली की नवा माणूस निर्धास्त आत येतो.

माझा जुना यूपीएस म्हातारा झाला होता. लाइन, म्हणजे वीज, गेली तरी कॉम्प्युटर लगेच बंद पडू नये म्हणून मधे बॅटरीचा जो डबा बसवतात तो. आमच्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून फॉर्मच्या दुकानात यूपीएस हाच खरा नोकर. बुलढाण्याच्या एका दुकानदाराने मला भाव सांगितला. मी माझा सांगितला. तो म्हणाला, "भाऊ, इथे भाजी नाही विकत." मी म्हणालो, "भाजीवाली तरी दोन मिरच्या वरून देते." तिथून जो तडक निघालो तो घरी येऊन मोबाईल उघडूनच बसलो.

आणि त्या रागातच मला तो अभिप्राय सापडला. शेकडो इंग्रजी, हिंदी वाक्यांच्या मधे आमच्या बोलीत लिहिलेला: 'लाइन गेली तं फॉर्म आरामात भरून होते. आवाज मातर लय करते. सासू म्हनते हे काय पिपानी आनली घरात. पन माल पक्का हाय.' चार तारे. तारीख बरीच जुनी.

मी एकटाच हसलो. यात कुरकुर होती, जुनेपणा होता, आणि मुख्य म्हणजे आमची बोली होती. पैसे देऊन तारीफ लिहून घेणारा माणूस वऱ्हाडीत कशाला लिहून घेईल? पुण्याकडच्या लोकांना ही बोली अडाणी वाटते. म्हणजे हे लिहिणारी बाई खरी, तिची सासू खरी आणि डबाही खरा. मी ऑर्डर दिली.

सेल चालू होता म्हणून आधीच मागवून ठेवला होता. जुना डबा पुरता बसला तेव्हा प्रवेशाचे दिवस सुरू झाले होते, आणि तेव्हाच मी नवं खोकं उघडलं. एका मुलीचा नर्सिंगचा फॉर्म मी भरत होतो, शेजारी तिचा बाप बसलेला. लाइन गेली. डब्याने एक बारीक 'टिक' केलं आणि कॉम्प्युटर पंख्याच्या बरोबरीने बंद पडला. पिपाणी नाही की काही नाही. बाप शांतपणे म्हणाला, "मालक, तुमचं यूपीएस बी लाइनवाल्याच्याच सोयऱ्यातलं दिसते."

दुकानात बसलेले सगळे हसले. फॉर्म मी पुन्हा पहिल्यापासून भरून दिला, चहाही पाजला, पण ते हसू माझ्या डोक्यात गेलं. तक्रार केली तर उत्तर आलं, परत करण्याची मुदत संपली आहे, आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे. खेद कोणाला झाला ते विचारलं तर पुन्हा तेच वाक्य. मुदत संपली म्हणून खोटा माल खरा होत नाही, एवढं माझं म्हणणं होतं. ते ऐकायला पलीकडे माणूसच नव्हता.

मग राग त्या बाईवर वळला. विक्रेत्याला नाव ना चेहरा, पण तिने अभिप्रायाला फोटो जोडला होता. टेबलावर यूपीएस आणि मागच्या भिंतीवर खताच्या दुकानाचं कॅलेंडर. फोटो मोठा केला की कॅलेंडरच्या तळाशी गावाचं नाव वाचता येत होतं. बीबी. आपल्याच जिल्ह्यातली बाई आपल्याच माणसांना फसवते आणि वर आपलीच बोली वापरते, हे मला सहन होईना.

त्याच सुमारास लोणारकडे साडूच्या मुलीचा साखरपुडा आला. येताना मी बीबीला उतरायचं ठरवलं. यूपीएस पिशवीत घालून सोबतच नेला होता. बायको म्हणाली, "लोकं परतीच्या वाटेवर देवाच्या पाया पडायले उतरतात. तुम्ही भांडायले उतरून राह्यले."

"तू बस बसमधी," मी म्हणालो.

"वा! अन् मी भांडण पाहू नाही?"

स्टॅंडवर विचारलं की इथे फॉर्मचं दुकान चालवणारी बाई कोण. पहिल्याच पानवाल्याने बोट दाखवलं. राहत्या घराच्या पुढच्या खोलीतच दुकान होतं. भिंतीवर नव्या वर्षाचं, पण त्याच खताच्या दुकानाचं कॅलेंडर. टेबलामागे तिशीतली एक बाई एका म्हाताऱ्याचा अंगठा मशिनवर टेकवून घेत होती. मी तो म्हातारा जाईपर्यंतही थांबलो नाही. मोबाईलवर तिचा अभिप्राय उघडून तिच्यापुढे धरला.

"ताई, हे तुम्ही लिहिलं?"

तिने वाचलं आणि हसली. "हाव, मीच लिहिलं. काऊन?"

"किती भेटले लिहायचे?"

तिचं हसू गेलं. "कोण तुम्ही? अन् मले कोण पैसे देईल? मले काय त्या विकणाऱ्याच्या घरची सून व्हायचं हाय?"

मी पिशवीतून डबा काढून टेबलावर आपटला. "मंग हे पाहा तुमचा पक्का माल! लाइन जायच्या आधी हे जाते."

तिने डब्याकडे पाहिलं. उचलला. पुन्हा खाली ठेवला. "भाऊ, हे माहं मशीन नाही."

"नाव पाहा, फोटो पाहा, त्याच पानावरून घेतलं मी."

"नाव राहू द्या. हे उचलून पाहा," ती म्हणाली आणि टेबलाखाली वाकली. तिच्या पायाशी काळा डबा होता, पुढून कळकटलेला. मी उचलायला गेलो तर एका हाताने जागचा हलेना. बॅटरी म्हणजे शिसं, शिसं म्हणजे वजन, हे मला ठाऊक होतं. माझा डबा मी साखरपुड्याच्या साड्यांबरोबर पिशवीत घालून बसमध्ये मिरवला होता, तेव्हाच हाताला कळायला हवं होतं.

"आता ऐका," म्हणत तिने भिंतीवरचं बटण बंद केलं. डब्याने अशी किंकाळी फोडली की माझी बायको उंबऱ्यावरून मागे सरली. कॉम्प्युटर मात्र ढिम्म चालू. आतल्या खोलीतून म्हातारा आवाज आला, "बंद कर वो ते पिपानी! आत्ताच डोळा लागला होता."

बायको म्हणाली, "सासू तं खरी निघाली." आणि मला हसू आवरेना. भांडायला आलेल्या माणसाला हसू येणं वाईट. पुढे भांडता येत नाही.

मग आम्ही तिच्याच कॉम्प्युटरवर ते पान उघडलं. वरती माझ्या डब्याचा फोटो. खाली नव्या अभिप्रायांत दोन-चार माझ्यासारखेच चिडलेले, त्यांच्याभोवती पाच-पाच तारेवाले लंगडे, आणि त्या सगळ्यांखाली तिचा. मी म्हणालो की जुना अभिप्राय म्हणूनच मी विश्वास ठेवला.

"जुना हाय, पन त्याच्यावर माल नवा आनून ठेवला," ती म्हणाली. "बैलबाजारात असं कोणी केलं तं लोक मारतात. दावं तेच अन् बैल दुसरा."

ती खाली-खाली जात राहिली. मी कधी इतका खाली गेलोच नव्हतो. जुना आणि कुरकुरणारा माणूस भेटला की माझं वाचन संपायचं. अगदी तळाशी, तिच्याही आधीच्या काळात, कोणीतरी लिहिलं होतं: 'मुलांना अभ्यासाला उजेड छान पडतो.' त्याखाली दुसऱ्याने: 'मान हवी तशी वळते, कपाटात पण मावतो.'

बायकोने पुढे वाकून ती दोन वाक्यं पुन्हा वाचली.

"यूपीएसच्या उजेडात पोरं अभ्यास करून राह्यली?" बायको म्हणाली.

त्या पानावर आधी टेबललॅम्प विकला गेला होता. मग बीबीच्या बाईचा भारी यूपीएस आला. मग फोटो आणि वर्णन बदलून माझा हलका डबा. पान तेच, तारे तेच, खालची सगळी तारीफ तशीच चढत गेलेली. या जुन्यांपैकी कोणीही खोटं लिहिलं नव्हतं. लॅम्पवाल्याच्या मुलांना खरंच उजेड पडला असेल.

त्या बाईने चहा ठेवला. मला वाटलं ती आता निवांत झाली, पण राग तर तिला तेव्हा चढायला लागला. कपबशी पुढे सरकवत ती म्हणाली, "लोणारकडून दोघं जन येऊन गेले होते माह्याकडे. म्हने, ताई, तुमचं वाचून घेतलं अन् फसलो. मले वाटलं त्यायलेच वापरता येत नाही. मी त्यायले उलट बोलली." तिने अंगठ्याचं मशिन पुढे ओढलं. "इथं लोक अंगठा देतात माह्या भरवशावर. उद्या म्हनतील, हेच ते बाई."

मी म्हणालो, "काढून टाका मग. एक बटण दाबायचं."

"मी काऊन काढू?" ती एवढ्या जोरात म्हणाली की आतून सासूने पुन्हा हाक मारली. "मी खरं लिहिलं. ज्यानं माल बदलला त्यानं काढावं."

भाव करणाऱ्या माणसाला समोरचा कुठे अडून बसला आहे ते लगेच कळतं. ती तिथे अडली होती आणि बरोबर जागी अडली होती. मी तिथे एका शब्दाचीही घासाघीस केली नाही. तिथेच तिने आपल्या अभिप्रायात भर घातली: 'हे मी घेतलेलं मशीन नाही. फोटो बदलला हाय. घेऊ नका.' शेजारी दोन्ही डबे ठेवून फोटो जोडला. माझा डबा फोटोत केवढासा दिसत होता.

बसमध्ये बायको म्हणाली, "भांडण काही पाह्यले भेटलं नाही." तरी तिने त्या बाईकडून ज्वारीच्या पापडांची रीत लिहून आणली होती.

पुढे मी चिखलीच्या एका दुकानातून यूपीएस घेतला. आधी उचलून पाहिला, मग प्लग काढून त्याची किंकाळी ऐकली, मग सकाळ अर्धी होईपर्यंत भाव केला आणि वरून एक एक्स्टेंशन बोर्ड घेतला. दुकानदार म्हणाला, "भाऊ, तुम्ही गिऱ्हाईक हाय का वसुलीवाले?" असा आनंद मोबाईलवर मिळत नाही. आता लाइन गेली की माझ्याही दुकानात पिपाणी वाजते, समोरचा माणूस दचकतो आणि फॉर्म चालू राहतो. बीबीचा फोन अधूनमधून येतो. एखादी साइट बंद असली की ती मला विचारते, मी तिला विचारतो. धंदा बरा आहे, आणि नवीन काही मागवण्याआधी मी आता पान तळापर्यंत वाचतो.

पण तिने घातलेली ती भर त्या साइटने छापलीच नाही. काही दिवसांनी तिला कळवण्यात आलं की आपला मजकूर नियमांत बसत नाही; अभिप्राय उत्पादनाविषयी असावा. तिने पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. आजही त्या पानावर माझ्या हलक्या डब्याखाली तिचे चार तारे आहेत, तिची सासू आहे, 'माल पक्का हाय' आहे, आणि तिचं 'घेऊ नका' मात्र नाही.

माझे पैसे गेले ते मी सोडून देईन. मी ते दुसऱ्या सौद्यात काढतो. पण ज्या कंपनीच्या पानावर हा बाजार भरतो, तिला मी इथे सगळ्यांसमोर विचारतो. टेबललॅम्पच्या जागी यूपीएस आणि एका यूपीएसच्या जागी दुसरा ठेवायची परवानगी तुमच्यापैकी कोणी दिली? एका बाईची तारीफ नियमांत बसते आणि तिचाच इशारा बसत नाही, हे कोणी ठरवलं? खेद नको, छापील वाक्य नको. ज्याने ठरवलं त्याने आपल्या नावानिशी उत्तर द्यावं, आणि ते मला नाही, बीबीच्या त्या बाईला द्यावं.