घारकाका आणि कमानीची दांडी

घारकाका कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी खुर्चीच्या खालून हात फिरवायचे. सोफा असला तर त्याच्या कडेवरून, जेवणाचं टेबल असलं तर टेबलाच्या पोटाखालून. चार बोटं सावकाश पुढे सरकायची, मध्येच थांबायची, आणि एखादं स्क्रूचं टोक नाहीतर अर्धवट ठोकलेली पिन सापडायची. "इथे अडकेल हं," ते घरातल्या बाईला सांगायचे. काय अडकेल ते सांगायचे नाहीत. नव्या लोकांना वाटायचं, म्हातारा थोडा सरकलेला आहे. ॲरिझोनातल्या चँडलर गावच्या आम्हा जुन्यांना माहीत होतं की त्यांच्या डोक्यात सतत एका पक्ष्याचा पाय असतो.

घारकाका हे नाव इथल्या मराठी मंडळातल्या पोरांनी ठेवलं. काका मूळचे नागपूरचे, इथल्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा तिकडे पूर्व किनाऱ्याजवळ हर्नडनला. परसात त्यांनी हॅरिस हॉक जातीची एक शिकारी मादी पाळली होती; अंगानं काळसर तपकिरी, खांद्यावर तांबूस, आपल्याकडच्या घारीपेक्षा थोडी लहान. तिला ते 'बाई' म्हणत. "ती घार नाही हो," असं पहिली काही वर्षं त्यांनी सगळ्यांना समजावलं, मग नाद सोडला. गणपतीच्या जेवणात पोरं विचारायची, "घारकाका, व्हेअर इज बाई?" ते गंभीरपणे म्हणायचे, "शी इज ऑन डाएट. तुम्ही खा मोदक." ते खरंच होतं. बाईचं रोज सकाळी वजन व्हायचं आणि त्यावरून तिचं जेवण ठरायचं.

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. म्हणजे मी भांडायला तयार होते, ते भांडले नाहीत. बंद पडलेल्या हॉटेलांचं सामान घ्यायचं आणि नवं हॉटेल काढणाऱ्यांना विकायचं, हा माझा धंदा. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले तेव्हा मला काम करायची परवानगी नव्हती. ती हातात पडली आणि मी गॅरेजात एक जुनी शेगडी आणून घासली, विकली. तिथून गोदामापर्यंत कुणाचा हात न धरता आले. घासाघीस हीच माझी बोलायची पद्धत आहे. काका गोदामात आले, एका मोडक्या रॅकची जाड गोल सळई बोटांनी चाचपली आणि भाव विचारला. मी अर्थातच चढा सांगितला.

"ठीक आहे," ते म्हणाले.

मला इतका राग आला की काही विचारू नका. "अहो काका, निदान महाग आहे तरी म्हणा!"

"सळई गुळगुळीत आहे ना बापा," ते म्हणाले. "गुळगुळीत वस्तूला मी नाव ठेवत नाही."

सळई त्यांच्या गाडीत बसेना, म्हणून मीच ट्रकमधून पोचवली. त्या दिवशी बाईला पहिल्यांदा पाहिलं. ती जुन्या दांडीवर एक पाय पोटात घेऊन उभी होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, अगदी गिऱ्हाईक फ्रीज पाहतं तसं, आणि मान फिरवली. मला ती तेव्हाच आवडली.

जुन्या दांडीचा सांधा तडकला होता आणि काकांना नवी करायची होती. माझ्या गोदामात वेल्डिंगचं मशीन होतं, त्यामुळे मी त्यात ओढली गेले. ही दांडी पोपटाच्या पिंजऱ्यातल्यासारखी नसते. सळईला धनुष्यासारखी कमान द्यायची, दोन्ही टोकं खाली. टोकं पक्की करण्याआधी कमानीत एक मोठी कडी ओवायची. पक्ष्याच्या पायातल्या चामडी पट्ट्यांना दोरी, आणि दोरी त्या कडीला. पक्षी डावीकडे उतरला की कडी कमानीवरून डावीकडे घसरली पाहिजे, उजवीकडे उतरला की उजवीकडे. मध्ये कुठे ती अडली, तर दचकून झेप घेतलेला पक्षी उलटा लटकतो. आणि ॲरिझोनाच्या उन्हात उलटा लटकलेला पक्षी फार वेळ जगत नाही.

बाकी सगळी खटपट ह्या एका गोष्टीसाठी. सांधे कानशीनं घासून घासून काचेसारखे करायचे. बसायच्या जागी रबरी नळी आणि तिच्यावर नकली हिरवळीचा तुकडा, म्हणजे तळव्याला फोड येत नाहीत. पण तो इतका जाड नको की कडी त्यावर अडेल. उंची अशी की शेपूट जमिनीला घासू नये. दोरी आखूड, म्हणजे झेपेला जोर येत नाही आणि पायाला हिसका बसत नाही. टोकं जमिनीत खुपसायची असतात, पण चँडलरची जमीन पहारीलाही दाद देत नाही. म्हणून आम्ही ती एका जाड लोखंडी पाटावर जोडली आणि पाटाचे कोपरे गोल केले.

काका डोळे मिटून कडी कमानीवरून इकडून तिकडे फिरवायचे. "अडकेल का?" हा एकच प्रश्न, तो मला नाही, बोटांना विचारलेला. मग कुठेतरी कडी किंचित अडखळायची आणि सगळं पुन्हा.

"काका, ही दांडी आहे, विमान नाही!" मी शेवटी ओरडले. माझा आवाज चढला की गोदामातले मेक्सिकन कामगारही बाहेर जाऊन उभे राहतात.

"विमान उडतं तेव्हा कुणी बांधून ठेवत नाही," ते म्हणाले आणि कानस माझ्या हातात दिली.

दांडी झाली. बाईनं तिच्यावर उडी घेतली, पंजे उघडून मिटले, अंगावरची सगळी पिसं फुगवून झटकली. "पास केलं बाईंनी," काका म्हणाले. इतक्या वर्षांत कुठल्याही सौद्यानंतर मला तसं वाटलं नव्हतं.

मग मी परवान्याच्या मागे लागले. इथे वाटेल त्यानं शिकारी पक्षी पाळायचा नसतो. परीक्षा द्यावी लागते, वन्यजीव खात्याचा माणूस येऊन दांडी आणि पक्ष्याची खोली तपासतो, आणि एका अनुभवी माणसानं 'हा माझा शिष्य' म्हणून सही द्यावी लागते. काकांनी सही दिली. माझ्या परसात मी दुसरी दांडी उभी केली. तपासायला आलेला माणूस तिचा फोटो काढून घेऊन गेला. रविवारी सकाळी आम्ही तिघं वस्तीपलीकडच्या माळावर जायचो. काका काठीनं झुडपं हलवायचे, ससा निघाला की बाई माझ्या हातमोज्यावरून सुटायची, आणि हात एकदम हलका व्हायचा. दुसरा पक्षी घ्यायचा विचार मी केलाच नाही. काका थकत चालले होते. पुढे बाई माझ्याकडे येणार, हे मी मनाशी धरून चालले होते. आमच्यात तसं बोलणं झालेलं नव्हतं. मला त्याची गरज वाटली नव्हती.

मग काका विसरायला लागले. गॅस चालू राहायचा, तीच गोष्ट पुन्हा सांगायचे. एका दुपारी मी त्यांच्यासाठी पोळ्या घेऊन गेले आणि सवयीनं आधी परसात डोकावले. बाई उलटी लटकत होती. पंख पसरलेले, चोच उघडी. दोरी कडीला बांधायच्या ऐवजी कमानीलाच करकचून बांधलेली होती. मी टॉवेलात तिला उचललं, दोरी कापली, सावलीत नेऊन पायांवर पाणी घातलं. बऱ्याच वेळानं ती उभी राहिली. काका आत बसून नागपूरचा पेपर वाचत होते. त्यांना हाक मारली तेव्हा ते आले, वाकून कमानीवरची गाठ बोटांनी चाचपली.

"मी बांधली?"

"हो."

ते बाकावर बसले. खालून हात न फिरवता बसलेले मी त्यांना तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. संध्याकाळी त्यांनीच मुलाला फोन करून सगळं सांगितलं. मुलगा स्पीकरवर म्हणत होता, "डॅड, इट्स नॉट सेफ एनीमोअर. कम लिव्ह विथ अस." काका म्हणाले, "येतो. आधी बाईंचं बघू दे."

मी बाईचं सामान माझ्या ट्रकमध्ये कसं बसेल याचा विचार करत होते. काका म्हणाले, "टुसॉनला एक शाळेतली टीचर आहे. तिला देतोय."

"कुणाला?"

"ती रोज उडवते, वैशाली."

"आणि मी? दांडी कुणी केली? आज सोडवलं कुणी?"

"तू."

"मग?"

"दांडी उडून आल्यावर टेकायला असते गं. तुझं गोदाम पहाटे उघडतं, तू घरी येतेस तेव्हा अंधार पडलेला असतो. तुझ्याकडे ती सेफ राहील, मला माहीत आहे. नुसती बसून राहील."

मी घासाघीस सुरू केली. फक्त हिवाळा द्या. आठवड्यातले निम्मे दिवस तिचे, निम्मे माझे. गोदामावर माणूस ठेवते. मी आयुष्यात एवढी खाली कधी आले नव्हते. ते प्रत्येक वेळी नाही म्हणून मान हलवत राहिले. मग माझा तोल गेला. मला राबवून घेतलंत, मी म्हणाले. द्यायचीच नव्हती तर शिष्य म्हणून सही कशाला केलीत?

"तू शिकलीस म्हणून," ते म्हणाले. आवाज जराही चढला नाही. भांडणातही त्यांनी मला भांडण दिलं नाही.

बाईला न्यायला ती टीचर आली तेव्हा मी गोदामात होते. काकांना विमानतळावर मंडळातल्या कुणीतरी सोडलं.

हर्नडनहून त्यांचा फोन यायचा. आधी महिन्यातून एकदा, मग जास्त, मग एका दिवसात दोनदा. मी पहिले काही उचलले नाहीत. उचलला तेव्हा ते म्हणाले, "वैशाली, आज बाई उडाली का?"

मला वाटलं टोमणा आहे. मग कळलं की त्यांना टुसॉनची टीचर आठवतच नव्हती. त्यांच्या डोक्यात बाई माझ्याकडे होती.

"उडाली, काका," मी म्हटलं.

"ससा?"

"निसटला."

"हरकत नाही. उद्या पुन्हा ने." ते खूश होऊन फोन ठेवायचे. हे बरेच दिवस चाललं. मी वजन सांगायचे, वारा कसा होता ते सांगायचे. काही वाटायचं नाही. दात काढताना बधिर केलेल्या जागी ओढलेलं फक्त समजतं, तसं होतं ते.

काका गेल्याचा त्यांच्या मुलाचा मेसेज आला तेव्हा एक गिऱ्हाईक माझ्याशी डीप फ्रीजरवरून वाद घालत होतं. मी मेसेज वाचला, फोन खिशात ठेवला आणि सौदा पूर्ण केला. चांगला झाला. झूमवर शोकसभा झाली, सगळे छान बोलले. मी कॅमेरा बंद ठेवून ऐकलं.

मी परवान्याचं नूतनीकरण केलेलं नाही. दांड्या मात्र करते; तपासनीस तो फोटो नव्या परवानेवाल्यांना दाखवतो, त्यामुळे लोक शोधत येतात. भावात मी त्यांना सोडत नाही. पण आधी एक विचारते: रोज उडवता का? परवा एक आयटीतला मुलगा आला होता, पुण्याचा. म्हणाला, वीकेंडला उडवेन. मी म्हटलं, मग दांडी मिळणार नाही. त्यानं भाव वाढवला, मी नाही म्हटलं. पुन्हा वाढवला. तो चिडला. "अहो मॅडम, तुम्ही दुकान चालवता की शाळा?"

मला राग यायला हवा होता. आला नाही.

काकांनी बाई मला द्यायला हवी होती. हे मी आजही म्हणेन, कुणीही विचारा. मी गोदामावर माणूस ठेवला असता.

दारातून निघताना त्या मुलानं वळून विचारलं, "आणि तुमच्याकडे कुठला पक्षी आहे?"

"कुठलाच नाही," मी म्हटलं, आणि शटर खाली ओढलं.